रंग वाळेपर्यंत

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

दादाचे अ. आ. या पत्रात चांगली बातमी एकही नाही, तेव्हा उभ्याने वाचू नकोस.

आमची इमारत विकली गेली. मालकाचा मुलगा दारातच उभा राहून सांगून गेला की जानेवारीअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या. एकतीस वर्षं ज्या खिडकीत मी ब्रश वाळत घातले, ती खिडकी आता पाडणार. बाकीच्या भाडेकरूंना पंधरा दिवसांत दुसरीकडे खोल्या मिळाल्याही. मी आणि ठिपकी मात्र रोज सकाळी निघतो आणि दुपारी परत येतो, मी गुडघे धरून आणि ती जीभ बाहेर टाकून.

पहिल्या घरमालकाने मला बसायला खुर्ची दिली. तेवढ्यात माझ्या मागून ठिपकी पुढे आली, तर त्याने खुर्ची परत ओढून घेतली. मी सांगितलं की कुत्री तेरा वर्षांची आहे, ठार बहिरी आहे, दोन वर्षांत एकदाही भुंकलेली नाही. त्यावर तो गृहस्थ म्हणाला की भुंकत नाही तर पाळलीच कशाला. अशा डोक्याच्या माणसाच्या नावावर तीन मजली घर आहे आणि मी भाड्याची खोली शोधत फिरतो, हे कसं होतं ते मला चौथीपर्यंतच्या शाळेत कुणी शिकवलं नाही.

दुसऱ्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची पेटी होती आणि तिच्यात मासे. मी म्हणालो, तुम्हालाही प्राण्यांची आवड दिसते. तो म्हणाला, हे प्राणी नव्हेत, ही शोभा आहे. मासे त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्या घरात विचार करणारे तेवढेच असावेत.

तिसरा निवृत्त साहेब. त्याने मला छापील फॉर्म दिला. कुत्र्याचं वय, वजन, रंग, स्वभाव, आणि दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. मी मूर्खासारखा ठिपकीला फोटोवाल्याकडे घेऊन गेलो. तिच्या पाठीवर आपला तो निळ्या रंगाचा ठिपका आहे ना, पिल्लू असताना डब्यात पडली होती तेव्हाचा, दर वर्षी केस झडले की मी हौसेने पुन्हा लावतो तो, तोसुद्धा फोटोत छान आला; दोन्हींची एकेक प्रत सोबत पाठवतो. फॉर्म नेऊन दिला तर साहेब म्हणतात, प्राण्यांना परवानगी नाहीच, फॉर्म फक्त नोंदीसाठी असतो. कसली नोंद? आपण किती जणांना नाही म्हणालो त्याची असेल. म्हातारपणी वाचायला.

तुझ्या मागच्या पाकिटाला डिंक नीट लागला नव्हता, उघडंच आलं. पोस्टात कुणी वाचलं असेल या काळजीने मी दोन दिवस जेवलो नाही. या वेळी नीट चिकटव. गुडघ्यांचं तेल संपलं. पुढच्या आठवड्यात आणखी चार घरं बघायची आहेत.

लोभ आहे तसा ठेव. तो फक्त माझ्यापुरता असेल तर तसं कळव, म्हणजे तुझं पत्र ठिपकीसमोर उघडणार नाही.

तुझा,
दादा


११ नोव्हेंबर

ती. दादास,

धाकटीचा सा. न. वि. वि. पत्र बसून वाचलं आणि डिंक या वेळी इतका लावला आहे की पाकीट उघडताना आतलं पत्र फाडू नकोस.

तू माणसांशी बोलायला जातोस की भांडायला, हे मला तुझ्या पत्रावरून कधीच कळत नाही. फोटो बघून मी आणि वरच्या बाई खूप हसलो. बाजूचा फोटो तुझ्यासारखाच आलाय, नाक वर करून. वरच्या बाई म्हणजे आपल्या चष्मेवाल्या, चष्म्याच्या दुकानात काम करतात त्या. आठ वर्षं झाली त्यांना माझ्याकडे राहायला येऊन. एवढ्या काळात वरून कधी भांडं पडल्याचा आवाज आला नाही.

आता कामाचं. माझी मागची खोली रिकामी आहे. हे गेल्यापासून तिथे मी नुसत्या जुन्या चादरी ठेवल्यात. त्या हलवते. ऊन सकाळचं येतं, तुझ्या गुडघ्यांना बरं. तू ये. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण तू आपणहून मागशील म्हणून वाट बघत होते, आणि तू मागणार नाहीस हे मला माहीत होतं.

फक्त ठिपकीची सोय तिकडेच बघ. तुझ्या गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला तिला बिस्किटं घालतो असं तूच लिहिलं होतंस, त्याला विचार. दादा, ती तेरा वर्षांची आहे. आता किती दिवसांचा प्रश्न आहे? रागावू नकोस. माझ्या घराला एक नियम आहे आणि तो मी दुसऱ्या माणसाला लावून बसले आहे. माझ्याच भावासाठी तो मोडला तर मला जिना चढून वर तोंड दाखवता येणार नाही. याहून जास्त विचारू नकोस.

तेलाची बाटली वेगळी पाठवते. माया कमी करू नकोस, थोडी केलीस तरी उत्तर लिही.

तुझी,
धाकटी


१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अ. आ. पत्र फाटलंच. जोडून वाचलं. वाचून वाटलं, फाटलेलंच बरं होतं.

परवा एका दलालाकडे गेलो होतो. टेबलावर दोन फोन, गळ्यात साखळी, आणि बोलताना माझ्याकडे न बघता नखांकडे बघणारा. त्याने ठिपकीचं वय विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, मग आजोबा, घाई कशाला, थोडे महिने कुठेतरी काढा, तुमची अडचण आपोआप सुटेल. मी छत्री उचलून बाहेर आलो. जिन्यात ठिपकीची दोरी माझ्या हातातून सुटली. ती बिचारी पायरीवर बसून राहिली. घरी आलो तर दारात तुझं पाकीट. त्याच्यात तेच वाक्य, फक्त सुरुवातीला ती. दादास. त्या दलालाला मी ओळखत नव्हतो, त्यामुळे त्याचा राग करणं सोपं गेलं.

तुझी खोली नको मला. तुझ्या नियमाला सांभाळ, चादरींना सांभाळ.

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाला सांगावी ते कळत नाही म्हणून तुलाच सांगतो. एका घरमालकिणीने मला फाटकावरच अडवलं. बोलायचेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं बोट दाखवलं आणि पाटी वाचा म्हणाली. माझा चष्मा खिशात. मी म्हणालो दिसत नाही. ती म्हणाली, मग मोठ्याने वाचते. प्राणी पाळणाऱ्यांना खोली मिळणार नाही. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली. मी चष्मा लावला आणि बघितलं तर पांढऱ्यावर लाल, अक्षरांना खालून बारीक काळी सावली, आणि कोपऱ्यात माझी खूण, ब्रशाचा छोटा फटका. धाकटे, ती पाटी माझी. त्या रस्त्यावरच्या सगळ्या माझ्या. आठ वर्षांपूर्वी घरमालकांच्या संघाने चाळीस पाट्या एकदम करून घेतल्या होत्या. मी त्या एका ओळीत उभ्या करून आधी चाळिसांवर पहिलं अक्षर काढलं, मग चाळिसांवर दुसरं. असंच करायचं असतं, हात एकसारखा बसतो. आमचे उस्ताद म्हणायचे, पाटी रंगवताना अक्षर बघ, अर्थ बघू नकोस, अर्थ बघितलास तर हात हलतो. मी आयुष्यभर तसंच केलं. काय लिहिलं आहे ते मी चाळिसातल्या एकाही पाटीवर वाचलं नाही.

रंग अजून जराही उडालेला नाही. कुणालाही विचार, माझा रंग उडत नाही. पहिल्या क्षणी मला अभिमान वाटला. मग त्या बाईचं बोट दिसलं.

तिला मी सांगितलं नाही. तिच्यासारख्या बाईला सांगितलं असतं तर तिने म्हटलं असतं की मग तर तुम्हाला वाचता यायला हवं होतं. आणि ते खरं निघालं असतं.

तुझ्यावर रागावलोय हे ध्यानात ठेवून लोभ असू दे.

दादा


२७ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू रागावलास तर रागाव, पण चाळीस म्हणालास तिथे चुकलास. एकेचाळीस.

चाळीस पाट्या करून झाल्यावर तू माझ्याकडे आला होतास, आठवतंय का? हे जाऊन तीन महिने झाले होते आणि वरचा मजला पहिल्यांदा भाड्याने द्यायचा होता. तुझ्या पिशवीत उरलेल्या लाल रंगाचा डबा होता. मी आत तुझ्यासाठी चहा करत होते, आणि बाहेर येऊन बघते तर तू माझ्या हिरव्या फाटकावर तेच वाक्य काढून मोकळा झाला होतास. मी तुला काढ म्हटलं नव्हतं, दादा. मला तसला नियम नकोच होता. मांजर म्हणू नकोस, कुत्रा म्हणू नकोस, वर हत्ती ठेवला असता तरी मला सोबतच झाली असती. पण तू ब्रश पुसत म्हणालास की आता हे घर कसं मालकाच्या घरासारखं दिसतंय, आणि मला वाटलं की दादाने लिहिलं म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. एकट्या बाईने कसं राहावं हे त्याला कळतं.

त्याच दुपारी चष्मेवाल्या बाई खोली बघायला आल्या. हातात झाकणाची टोपली होती, टोपलीत बोका. तू फाटकाशीच स्टूल टाकून बसला होतास. त्या वाचत उभ्या राहिल्या, तेव्हा तू त्यांना म्हणालास, बाई, जरा लांब उभ्या राहा, रंग ओला आहे, केस चिकटतील. त्या लांब उभ्या राहिल्या. मी त्यांना आत बोलावणार होते. पण तुझी अक्षरं अजून वाळलीसुद्धा नव्हती, आणि तुझ्यादेखत ती खोटी पाडून मांजराला आत घेणं हा मला तुझा अपमान वाटला. म्हणून मी म्हटलं, नियम आहे. आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीसारखं बोलले.

दुसऱ्या आठवड्यात त्या टोपलीशिवाय राहायला आल्या. बोका बस थांब्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवला. गेली आठ वर्षं दर रविवारी त्या दुपारी तिकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आता सांग, त्यांच्या डोळ्यांसमोरून मी तुझी ठिपकी कुठल्या तोंडाने आत घेऊ?

सायकलवाल्याबद्दल लिहिलं ते चुकलं माझं. लिहितानाच चुकत होतं, तरी पाकिटाला डिंक लावला.

तुझ्या रागावर माझी माया आहे.

धाकटी


५ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. आ. मला त्या बाई आठवत नाहीत. चार दिवस आठवायचा प्रयत्न केला. टोपली आठवत नाही, चेहरा आठवत नाही. फाटकाचा हिरवा रंग आठवतो, थोडा मळकट होता, आणि लाल रंगाचे त्यावर दोन हात मारावे लागले हे आठवतं. माणूस समोर उभा होता आणि मला केसांची काळजी होती.

मी महिनाभर या गावातल्या घरमालकांना शिव्या घालत हिंडलो. ते त्याच लायकीचे आहेत, माझं मत बदललेलं नाही. तो माशांवाला तर एक दिवस आपल्या आईलाही शोभा म्हणेल. पण त्यांना नियम हवा होता आणि त्यांनी तो करून घेतला. आपण दोघं त्यांच्याहून वरचढ. आपल्याला नियम नको होता. डब्यात रंग उरला होता म्हणून मी तो केला आणि अक्षर चांगलं होतं म्हणून तू तो पाळलास. असली माणसं मी कुठल्याही गल्लीत पाहिली नाहीत. आपल्यावर थुंकायलासुद्धा कुणी शेजारी मिळायचा नाही.

परवा त्या फाटकावरच्या बाईने मला हाक मारली. मी रंगारी आहे हे तिला कुठूनतरी कळलं होतं. मागच्या दारालाही तशीच पाटी हवी आहे, काढून द्याल का, म्हणाली. खोली मिळणार नाही, काम मिळेल! मी म्हणालो, मला आता अर्थ दिसायला लागला आहे, हात हलतो. तिला कळलं नाही. ती म्हणाली, मग डोळे तपासून घ्या.

आता नीट ऐक. मी खोलीसाठी लिहीत नाही. मी एक दिवस येतो. खरवडणी, सँडपेपर आणि हिरवा डबा घेऊन येतो, तुझं फाटक कोरं करतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्या बाईंना सांग की बोक्याला घरी घेऊन या. माझं काय व्हायचं ते होईल. गावाबाहेर विटांच्या भट्टीपाशी एक शेड आहे, तिथला रखवालदार कुत्र्यांना ओळखतो. छप्पर गळतं, पण पाटी नाही.

त्यांना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. शुद्धलेखन तेवढं सावरून घे.

लोभ असण्यासारखं मी काही केलेलं नाही, तरी असल्यास कळव.

दादा


१४ डिसेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र घेऊन मी जिना चढले. सगळं वाचून दाखवलं, तुझं आणि माझं, सुरुवातीपासून. एकही ओळ गाळली नाही.

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या. दुकानात त्या इतरांना सांगतात की काच कपड्याने पुसू नका, चरे पडतात. मग त्यांनी मला विचारलं की म्हणजे तो नियम नव्हताच? डब्यात उरलेला रंग होता? मी हो म्हटलं. त्यावर त्या हसल्या. दादा, तसं हसणं मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्यापेक्षा थोबाडीत बरी.

बोका गेल्या उन्हाळ्यात गेला. इस्त्रीच्या गरम गठ्ठ्यावर झोपला तो उठलाच नाही. मी विचारलं, मग रविवारी जाता ते? त्या म्हणाल्या, तिथे बसायला एक जागा झाली आहे. मला का सांगितलं नाहीत, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला प्राणी चालत नव्हते, मेलेला चालेल की नाही ते फाटकावर लिहिलं नव्हतं.

मी खाली आले आणि दोन दिवस वर गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच खाली आल्या. बसल्या नाहीत. तुझ्यासाठी निरोप सांगितला तो जसाच्या तसा लिहिते. म्हणाल्या, कुत्री येऊ दे, तिने काय केलं आहे. भट्टीपाशी बहिऱ्या जनावराला ठेवायचं हे कुठलं प्रायश्चित्त, त्यात मरेल ती आणि बरं वाटेल म्हाताऱ्याला. त्यांनाही मागच्या खोलीत राहू द्या. मी त्यांच्याशी बोलेन असं मात्र समजू नका. आणि एक अट आहे. फाटक रंगवून झालं की तो रंग वाळेपर्यंत त्यांनी बाहेर उभं राहायचं. लांब. मी उभी होते तिथे. जागा मी दाखवीन.

एवढं बोलून त्या दुकानात गेल्या.

चादरी हलवल्या आहेत. तुझी थंडीची बंडी विसरू नकोस. उत्तराची वाट बघते, आणि त्याही बघतात, वर खिडकीत उभ्या राहून.

धाकटी


१९ डिसेंबर

चि. धाकटीस,

अ. आ. बाईंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस. अट मान्य आहे एवढंच सांग.

सत्तावीस तारखेला सकाळच्या गाडीने पोचतो. सामान थोडं आहे, दोन पेट्या आणि ब्रश. गाडीत कुत्रीला घेतील ना या काळजीने झोप नाही. तिकीट देणाऱ्याला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो चिडला. ठिपकीच्या पाठीवरचा ठिपका यंदा लावला नाही. एकदा ती कोरी कशी दिसते ते बघू.

रंगाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, आजकाल दोन तासांत वाळणारा हिरवा मिळतो, आजोबा, तोच न्या. मी तो परत दिला. जुना तेलाचा घेतला आहे. थंडीत तो सावकाश वाळतो, सकाळी लावला तर दिवस मावळेपर्यंत बोटाला लागतो.

स्टूल बाहेर आणू नकोस. चहाही आणू नकोस.

ठिपकीला मात्र मी डबा उघडायच्या आधी आत घे. तिचे केस फार गळतात.

दादा